मुलाकडून पाठ करून घेतले, नातीबरोबर वाचते आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांवर धार्मिक संस्कार कसे करावेत, या विषयावर आपल्या दैनिकात काही दिवसांपासून वाचकांची पत्रे येत आहेत. बहुतेकांचा भर पाठांतरावर दिसतो. श्लोक, कुराणातल्या आयती, बायबलातली वचने, ज्याच्या घरी जे असेल ते मुलांकडून लहानपणीच तोंडपाठ करून घ्यावे, अर्थ मागाहून कळतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मी 68 वर्षांची आहे. 34 वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. माझेही मत हेच होते आणि मुलाला मी त्याच मताने वाढवले. आज ते मत राहिलेले नाही. का, ते सविस्तर लिहिते आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तरी मुलाचा प्रसंग तेवढा ठेवावा, ही विनंती.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरातले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, माझ्या आईचे आहे. काळा पुठ्ठा, लाल कडा, आणि पाने इतकी पातळ की मागची अक्षरे पुढे दिसतात. आई चौथीपर्यंत शिकलेली. एकेका शब्दाखाली बोट धरून वाचायची. अवघड जोडाक्षर आले की बोट थांबायचे, ओठ एकदा नुसते हलायचे, मग शब्द बाहेर यायचा. मी तिला टेकून बसलेली असायची. तिने मला कधी काही समजावून सांगितल्याचे आठवत नाही. पण ते थांबणारे बोट मी विसरलेले नाही. या पुस्तकात काहीतरी आहे, म्हणूनच आई एवढे कष्ट घेते आहे, हे मला त्या बोटावरून कळले.

स्वतःच्या मुलाची वेळ आली तेव्हा मात्र हे सगळे विसरले. पाळीची नोकरी होती, हातात वेळ नसायचा. एक वही केली आणि रोज एक वचन तीत लिहून ठेवू लागले. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की पायातल्या चपला काढायच्या आधी, दारातच त्याच्याकडून म्हणून घ्यायचे. पोरगा हुशार होता. आठव्या वर्षी त्याला 60च्या वर वचने पाठ होती आणि मला त्याचा अभिमान होता.

त्याच वर्षी मुलांच्या वचनपाठांतराची स्पर्धा होती. त्याला 23वे स्तोत्र म्हणायचे होते. सहाच वचने आहेत त्यात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे त्याने खणखणीत म्हटले. हिरवीगार कुरणे झाली, संथ पाणी झाले. मृत्युछायेच्या दरीपाशी आला आणि अडला. मी पहिल्या रांगेतून ओठांनी खुणा करत होते, ते त्याला दिसत नव्हते. सगळे गप्प. शेवटी त्याच्या तोंडून बाहेर पडले, ‘येशू रडला.’

योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे योहानाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, 11व्या अध्यायातले हे दोन शब्दांचे वचन. सगळ्यांत आखूड, म्हणून प्रत्येक मुलाला येत असते. सभागृह हसले. परीक्षकही हसले. तो खाली आला, माझ्याजवळ बसला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे सोडून घरी जाताना म्हणाले, ‘एवढं सोपं स्तोत्र. मान खाली घालायला लावलीस मला.’ तो काही बोलला नाही. त्यानंतरही काही वर्षे वचने म्हणत राहिला. 14व्या वर्षी थांबला. भांडला नाही, वाद घातला नाही, फक्त थांबला. सज्जन माणूस आहे माझा मुलगा, बापही चांगला आहे. एकदा मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, ‘आई, ते पुस्तक उघडलं की मला अजून तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखं वाटतं.’

नात पाच वर्षांची झाली तेव्हा तिला शास्त्र वाचून दाखवायची परवानगी मी सुनेकडे मागितली. ती मुलाशी बोलली आणि निरोप घेऊन आली. ‘वाचा म्हणालेत. पाठ करून घ्यायचं नाही, एवढंच.’ अट मी मान्य केली. त्याला आता दोन वर्षे झाली.

आम्ही मार्कापासून सुरुवात केली. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16च अध्याय आणि गोष्ट भराभर पुढे जाते. झोपण्याआधी दहा मिनिटे, पाच-दहा वचने, जास्त नाही. नात समोर बसत नाही, शेजारी बसते. पुस्तकाची एक बाजू माझ्या मांडीवर, दुसरी तिच्या. मुलाच्या वेळी मी समोर उभी असायचे आणि वही माझ्या हातात असायची. आता आम्ही दोघी पुस्तकाच्या एकाच बाजूला असतो. बाकी सगळे यातून आले असे मला वाटते.

चौथ्या अध्यायात वादळाची गोष्ट आहे. होडीत पाणी भरते आहे, शिष्य घाबरलेत आणि येशू वरामावर उशी घेऊन झोपलेला आहे. नातीने पुस्तकावर हात ठेवला.

‘आजी, वराम म्हणजे?’

‘होडीची मागची बाजू.’

‘आणि उशी कुणी दिली?’

ही गोष्ट मी शंभर वेळा तरी वाचली असेल, उपदेशातून ऐकली असेल. उशीपाशी कधी थांबले नव्हते. माहीत नाही म्हणाले. ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, ‘कुणीतरी दिली असणार. म्हणजे कुणाला तरी कळलं होतं, तो दमलाय ते.’

दुसऱ्या दिवशी मी मत्तय आणि लूक यांची शुभवर्तमाने काढून पाहिली. वादळ तिघांनी लिहिले आहे, उशी एकट्या मार्काकडे आहे. जन्मभर आजाऱ्यांच्या मानेखाली उशा सारल्या मी, आणि ही उशी मला सहा वर्षांच्या मुलीने दाखवली. त्याच गोष्टीत येशू समुद्राला म्हणतो, ‘उगा राहा, शांत हो’, आणि पुढे लिहिले आहे, ‘अगदी निवांत झाले’. आता आभाळ गडगडले की नात खिडकीशी जाऊन म्हणते, ‘उगा राहा.’ हे तिला कुणी पाठ करायला सांगितलेले नाही. पाठांतराची बाजू घेणाऱ्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे. पाठांतराला माझा विरोध नाही. पण जे आवडले ते पाठ होते, आणि आवडण्यासाठी आधी कुणीतरी शेजारी बसावे लागते.

मराठी अवघड आहे, मुलांना कळत नाही, हीही तक्रार एका पत्रात होती. शब्द अडतात हे खरे, पण अडू द्यावेत. 23व्या स्तोत्रात ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात’ असे आहे. मी रुग्णालयात आयुष्य काढलेले, माझ्या कानाला आकडी म्हणजे फिट. नातीला वाटले, फळे काढायची आकडी. तिचेच जास्त बरोबर होते. मेंढपाळाच्या काठीचे टोक वाकवलेले असते, अडचणीत अडकलेले मेंढरू त्याने ओढून काढता येते. दुसरी काठी जनावरांना हुसकायला. ‘ओढताना दुखत नाही?’ तिने विचारले. दुखत असेल थोडे, मी म्हणाले. त्या एका शब्दावर आमची दहा मिनिटे गेली. स्तोत्र त्या दिवशी पुढे सरकले नाही, आणि सरकायलाच हवे असेही काही नव्हते.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे येते. त्या आठ वर्षांच्या असताना आई लक्ष्मीबाई त्यांना शिकवू लागली. पहाटे, घरची कामे सुरू होण्याआधी मुलीला उठवायची आणि पुराणे तोंडी सांगायची. हातात पुस्तक नाही, आईच्या तोंडून येईल तेच. तेव्हा ते ग्रंथ वेगळे होते, रमाबाईंची श्रद्धा पुढे वेगळ्या वाटेने गेली. पण शास्त्र म्हणजे पहाटे आईच्या जवळ बसून ऐकायची गोष्ट, हे त्यांच्यात मुरलेले होते असे मला नेहमी वाटते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर केले, ते फारसे न शिकलेल्या बायकांनाही वाचता यावे म्हणून. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, आणि संपूर्ण भाषांतर 1924 साली छापून बाहेर आले. माझ्या आईसारखी चौथी शिकलेली बाई त्यांच्या डोळ्यांपुढे असणार.

माझ्याबरोबर काम केलेल्या एक सिस्टर नातवाला गीताई वाचून दाखवतात. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती, सोपी मराठी गीता तिला हवी होती. ती 1918 मध्ये गेली, गीताई 1932 मध्ये निघाली. तिच्या हातात ती पडलीच नाही. सिस्टर मला म्हणाल्या, ‘अर्जुन लढायला नाही म्हणतो, तिथे आमचा नातू दर वेळी म्हणतो, बरोबर आहे त्याचं.’ मी विचारले, मग तुम्ही काय करता? म्हणाल्या, ‘थांबते. मग पुढे वाचते.’ आम्हा दोघींचे ग्रंथ निराळे, पण हे ‘थांबते’ मला तंतोतंत पटले.

आता अवघड भागाविषयी. शास्त्रात युद्धे आहेत, कत्तली आहेत, बाप मुलाला वेदीवर ठेवतो तो प्रसंग आहे. औषधाची मात्रा वयावर ठरते, हे मला कुणी शिकवायला नको. अब्राहाम आणि इसहाकाचा तो अध्याय मी अजून उघडलेला नाही, ती मोठी झाल्यावर उघडू. पण जलप्रलयातल्या नोहाच्या तारवाची, म्हणजे त्याच्या मोठ्या जहाजाची, गोष्ट लहान मुलांचीच समजून मी बेधडक वाचली. प्राणी जोडीजोडीने आत गेले, दार बंद झाले, पाऊस सुरू झाला. नात म्हणाली, ‘बाहेरच्यांचं काय झालं?’

मी सवयीने म्हणाले, ‘ती माणसं वाईट होती.’

‘त्यांची बाळं पण?’

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, असे प्रश्न देवाला आवडत नाहीत. माझ्या मुलाला मी नेमके असेच म्हणत असे, आणि देव बघतो आहे, पाप लागेल, असेही. धाकाने मूल गप्प बसते आणि आपल्याला वाटते, श्रद्धा बसली. या वेळी मी खरे ते सांगितले. ‘मला नाही माहीत गं. मलाही हा प्रश्न पडतो.’ तिने माझ्याकडे नीट पाहिले. मग उठून कागदाची एक पट्टी फाडून आणली आणि त्या पानात ठेवली. ‘इथे परत यायचं,’ म्हणाली. तेव्हापासून न कळलेल्या प्रत्येक जागी ती पट्टी ठेवते. आईच्या त्या शास्त्रातून आता 22 पट्ट्या बाहेर डोकावतात. मला त्या पाहून बरे वाटते. प्रश्न पडला तरी पुस्तक मिटायचे नसते, एवढे तिला कळले आहे.

शमुवेलाची गोष्ट मला याच संदर्भात सांगायची आहे. लहान शमुवेल रात्री मंदिरात झोपला आहे आणि त्याला हाक येते. तो धावत तिथल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे जातो, मला बोलावलंत ना? एली म्हणतो, मी नाही हाक मारली, जा नीज. असे तीनदा होते. तिसऱ्यांदा एलीच्या ध्यानात येते की मुलाला देव हाक मारतो आहे. तो काय करतो? मुलाला समोर बसवून शिकवत नाही, काय ऐकलेस ते म्हणून दाखव म्हणत नाही. परत निजायला पाठवतो, आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणायचे ते सांगतो. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ एलीने त्या मुलाला पाठ करायला दिलेले एवढे एकच वाक्य. घरातल्या मोठ्या माणसाचे काम मला आता एवढेच वाटते. ती हाक माझी नाही हे मुलाला सांगायचे आणि बाजूला व्हायचे. मुलाच्या बाबतीत मी बाजूला झालेच नाही. त्याला प्रत्येक वचनात माझाच आवाज ऐकू येत राहिला असणार.

गेल्या वर्षी आम्ही योहानाच्या 11व्या अध्यायाशी पोचलो. लाजर मेला आहे, त्याच्या बहिणी मार्था आणि मरिया शोक करताहेत. ‘येशू रडला’ हे शब्द मी वाचले आणि माझा आवाज थोडा कापला, कारण मला तो दिवस आठवला. नात म्हणाली, ‘पण तो लाजराला उठवणार होता ना? त्याला माहीत होतं ना? मग का रडला?’

उत्तर माझ्याकडे तयार होते, आयुष्यभराच्या उपदेशांतून गोळा झालेले. पण मी तोंड उघडण्याआधी दारातून आवाज आला. ‘मरिया रडत होती म्हणून.’ मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. किती वेळ, कोण जाणे. ‘तिला रडताना बघून त्याला रडू आलं असेल,’ तो म्हणाला आणि आत निघून गेला. दोन वचने वर पाहिले, तसेच लिहिलेले आहे. तिला रडताना पाहून तो व्याकूळ झाला. म्हणजे माझ्या मुलाने ते वाचले होते. वहीत मी त्याला दोनच शब्द दिले होते. त्यांच्या आधीचे त्याने स्वतःहून वाचले होते, केव्हातरी, मला न सांगता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे त्या स्पर्धेच्या दिवसाबद्दल माफी मागितली. 33 वर्षांनी. ‘आई, जाऊ दे गं,’ म्हणाला. त्यानंतर तो उपासनेला येऊ लागला वगैरे मला लिहायचे नाही, कारण तसे झालेले नाही. वाचनाच्या वेळी कधीकधी दारात उभा असतो. मी त्याला आत ये म्हणत नाही.

नुकतेच आम्ही योना या संदेष्ट्याचे पुस्तक वाचले. अवघे चार अध्याय, 48 वचने. योनाला गिळणारा मासा सगळ्यांना माहीत असतो, शेवट फारसा कुणाला ठाऊक नसतो. आपण सांगितल्याप्रमाणे निनवे नगराचा नाश झाला नाही म्हणून योना रागावून बसला आहे, आणि देव त्याला विचारतो, ज्यांना उजव्याडाव्या हाताचा भेद कळत नाही असे एक लाख वीस हजारांहून अधिक लोक आणि पुष्कळ गुरेढोरे ज्यात आहेत, त्या नगराची मी कीव करू नये काय? या प्रश्नावर पुस्तक संपते.

‘मग योना काय म्हणाला?’

‘लिहिलेलं नाही.’

तिने पान उलटून पाहिले. पुढे मीखाचे पुस्तक सुरू झालेले. पुन्हा मागे आली आणि त्या ओळीखाली बोट धरून स्वतः वाचू लागली. नुकतीच जोडाक्षरे वाचायला लागली आहे. ‘उजव्याडाव्या’पाशी बोट थांबले, ओठ हलले.

‘आजी, उजवं-डावं न कळणारी म्हणजे बाळं ना?’

असे म्हणणारे पुष्कळ आहेत, मी म्हणाले. बाळंही असतील.

ती काही वेळ गप्प राहिली. मग तिने पुस्तक माझ्या मांडीवरून पूर्ण आपल्याकडे ओढले, पहिल्या पानांपर्यंत मागे गेली, नोहाच्या पानातली पट्टी काढली आणि योनाच्या शेवटच्या पानात ठेवली.

आपली,
एक निवृत्त परिचारिका